ज्याचे गाव उपनगर होते

(मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



संयोजकांनी मला 'लेखक आणि त्याचे गाव' असा विषय दिला आहे. मराठीत या विषयाला सामग्रीचा तोटा नाही. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश, श्री. ना. पेंडशांची गारंबी, बहिणाबाईंचे खानदेशातले शेतशिवार ही गावे आपण पाहिलेली नसली तरी आपल्याला ती पाठ आहेत. त्या गावांत ओढा असतो, देवळासमोर पार असतो, पारावर म्हातारी माणसे असतात. लेखक पुढे शहरात आला तरी त्याची लेखणी त्या पारावर पुन्हा पुन्हा जाऊन बसते.

पण या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांचे गाव कोणते? कोणी विचारले, तर आपण सांगतो, "राहायला बोरिवलीला, गाव राजापूर." मुलुंडमध्ये जन्मलेला, मुलुंडमध्ये शिकलेला, मुलुंडमध्येच संसार थाटलेला पन्नाशीचा गृहस्थ आपले गाव म्हणून चिपळूणजवळची एक वाडी सांगतो, आणि त्या वाडीत त्याने आयुष्यातले सगळे मिळून सहा महिनेही काढलेले नसतात. उपनगराला गाव म्हणायला आपली जीभ रेटत नाही. ते राहायचे ठिकाण आहे, लोकल पकडण्याचे ठिकाण आहे. त्याच्याविषयी कोणी गहिवरत नाही.

म्हणून आज मी असा लेखक निवडला आहे, ज्याचे गाव उपनगरच होते. तो लेखक होता, नट होता, गायक-वादक होता, संगीतकार होता, जगभर हिंडलेला प्रवासी होता. त्याचे नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. पुलंवर आजवर इतके बोलले गेले आहे की, त्यांच्या विनोदाची उदाहरणे देऊन टाळ्या मिळविणे सोपे आहे. ते मी टाळणार आहे. मला आज एवढेच पाहायचे आहे की, या माणसाला त्याच्या गावाने काय दिले, तो जगात हिंडला तेव्हा ते देणे त्याच्या कसे उपयोगी पडले आणि त्याने ते फेडले कसे.

पार्ले नावाची पाठशाळा

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवीला झाला. बालपणाची पहिली सात-आठ वर्षे जोगेश्वरीच्या सारस्वत वसाहतीत गेली आणि नंतर कुटुंब पार्ल्याला आले. म्हणजे १९२७-२८चा सुमार. त्या काळचे पार्ले डोळ्यांपुढे आणायचे तर आजचे उड्डाणपूल, विमानतळ आणि गगनचुंबी इमारती पुसून टाकाव्या लागतील. चर्चगेटपासून सुमारे वीस किलोमीटरवरचे ते एक टुमदार गाव होते. फोर्टातल्या कचेरीत नोकरी करणारा मध्यमवर्गीय तिथे विहीर, चार नारळी आणि थोडे अंगण असलेल्या घरात राहू लागला होता. जानेवारी १९२८मध्ये कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि उपनगराचे दिवस पालटले. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, पार्ल्यात तो बिस्किटांचा कारखाना निघाला. त्याने गावाचे नाव देशातल्या घराघरांत पोचविले आणि गावाच्या हवेला स्वतःचा एक गोड वास दिला. २०१६मध्ये तो कारखाना बंद झाला, तेव्हा जुन्या पार्लेकरांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

पण घरे आणि आगगाडी यांनी वस्ती होते, गाव होत नाही. पार्ल्याचे गाव कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. महाराष्ट्रात ठिकठिकाणी शोकसभा झाल्या. पार्लेकरांनी शोकसभेवर समाधान मानले नाही. वर्षाच्या आत, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय उभे राहिले. १९२३ साली लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली. ज्याला सारे पार्ले 'टिळक मंदिर' म्हणून ओळखते, ते याच संस्थेचे. या दोन्ही संस्था राजाश्रयावर किंवा एखाद्या धनिकाच्या लहरीवर निघालेल्या नाहीत. सकाळच्या गाडीने कचेरीत जाणाऱ्या आणि संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या नोकरदारांनी आपल्या संध्याकाळी देऊन त्या उभ्या केल्या. विद्यालयाने २०२१ साली शंभरी गाठली, सेवा संघाने २०२३ साली. शंभर वर्षे टिकलेली शाळा आणि शंभर वर्षे टिकलेले सभागृह ही कोणत्याही गावाच्या पुण्याईची मोजमापे आहेत.

त्या वातावरणात हा मुलगा वाढला. शाळा पार्ले टिळक. व्याख्याने, कीर्तने, गाण्याच्या बैठका टिळक मंदिरात. पेटीचे शिक्षण पार्ल्याच्याच भास्कर संगीतालयात, दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे. टिळक मंदिरात साक्षात बालगंधर्वांपुढे पेटी वाजवून या मुलाने त्यांची शाबासकी मिळविल्याची हकिगत प्रसिद्धच आहे. पुढे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांसाठीही फार लांब जावे लागले नाही. जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसूफ महाविद्यालय १९३० पासून सुरू झाले होते. त्याच १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची एक मोठी छावणी पार्ल्यात होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांच्यासारखी माणसे तिथे राहिली होती. पुलं तेव्हा अकराव्या वर्षात होते. देशाचा इतिहास वर्तमानपत्रातून घरी येण्याऐवजी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडत होता.

मित्रहो, हे सारे एकत्र मांडण्याचा हेतू स्पष्ट आहे. प्रतिभा ही देवाची देणगी आहे, याविषयी वाद नाही. पण पेटी शिकविणारा शिक्षक चार गल्ल्यांपलीकडे असणे, मोठा गवई आपल्याच गावच्या सभागृहात येऊन गाणे आणि चौदा वर्षांच्या मुलाला त्या बैठकीत पुढे बसायला जागा मिळणे, ही देवाची देणगी नव्हे. ती माणसांची करणी असते.

आजोबांच्या कपाटातले रवींद्रनाथ

गावाइतकाच घराचाही वाटा आहे. पुलंचे मातुल आजोबा वामन मंगेश दुभाषी 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. 'आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा ग्रंथ. आपण गुढी का उभारतो, श्रावणीला काय करतो, होळीचे मूळ कशात आहे, याचा शोध घेणारा हा अभ्यासक. एवढे सांगितले की, आपल्या डोळ्यांपुढे एक सनातनी, सोवळ्यातले गृहस्थ उभे राहतील. पण याच ऋग्वेदींनी रवींद्रनाथ ठाकुरांची गीतांजली मराठीत आणली, आणि तीही अभंगाच्या रूपात. 'अभंग गीतांजली' हे त्या पुस्तकाचे नाव.

या नावापाशी क्षणभर थांबावे. बंगालमधल्या कवीचे शब्द कोकणी-मराठी घरात आले, तेव्हा त्यांना बसायला पाट दिला गेला तो तुकोबांच्या अभंगाचा. आपली परंपरा ज्याला पक्की ठाऊक आहे, त्यालाच दुसऱ्याची परंपरा आपल्या घरात कुठे बसवायची ते कळते. ज्याचे स्वतःचे घर रिकामे आहे, तो पाहुण्याला बसविणार कुठे? ऋग्वेदींच्या घरात सणांचा इतिहास आणि गीतांजली या दोन्ही गोष्टी एकाच मेजावर नांदल्या. हे बीज नातवाच्या मनात पडले आणि चाळीस-पन्नास वर्षांनी उगवले. त्याकडे मी पुन्हा येईन.

एक माणूस, अनेक बिऱ्हाडे

वडील लवकर गेले. घरची जबाबदारी आली. पुलंनी कारकुनी केली, मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकविले, पुढे बेळगावला राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापकी केली. बेळगावच्या त्या मुक्कामाने मराठीला 'रावसाहेब' हे अजरामर व्यक्तिचित्र दिले. कानडी हेल असलेली मराठी किती लोभस असू शकते, हे सीमाभागातल्या माणसांवर जीव लावल्याशिवाय लिहिता येत नाही.

१९३७ पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून, ते नभोवाणीवर श्रुतिकांतून कामे करीत होते. १९४३ साली 'अभिरुची' मासिकात त्यांचे पहिले व्यक्तिचित्र आले. १९५३ साली 'गुळाचा गणपती' हा चित्रपट आला. त्याची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका सारे एकट्या पुलंचे. १९५७ साली 'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक आले. १९६१ साली 'बटाट्याची चाळ'चा एकपात्री प्रयोग सुरू झाला. साधे कपडे घालून एक माणूस रंगमंचावर येतो आणि अख्खी चाळ, तिच्या बिऱ्हाडांसकट, प्रेक्षकांपुढे उभी करतो, असा अनुभव मराठी माणसाने तोवर घेतलेला नव्हता. 'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमीचा १९६५चा पुरस्कार मिळाला. १९६५ साली नांदेडच्या नाट्य संमेलनाचे आणि १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

एवढ्या कलांमध्ये वावरणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे एक शंका नेहमी काढली जाते : "एकाच गोष्टीत राहिले असते, तर आणखी मोठे झाले असते." मला ही शंका पटत नाही. पुलंचे सर्व उद्योग एकाच मुळावर उभे होते आणि ते मूळ म्हणजे कान. पेटी वाजविणारा कान माणसाच्या बोलण्यातला सूर पकडतो. कोकणातल्या अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यातली वेदना त्या कानाने ऐकली. इतिहास जणू काल संध्याकाळी घडला अशा थाटात मुलांना शिवरायांच्या गोष्टी सांगणाऱ्या हरितात्यांच्या आवाजातला भाव त्याच कानाने ऐकला. पुस्तकात उतरलेला हरितात्या आणि रंगमंचावर उतरलेली चाळ या एकाच विद्येच्या दोन परीक्षा आहेत. आणि तो कान तयार झाला पार्ल्याच्या ओसरीवर, जिथे भिक्षुकापासून बॅरिस्टरापर्यंत आणि परटापासून गवयापर्यंत सर्वांचे बोलणे एका मुलाच्या कानावर रोज पडत होते.

'चाळी'च्या शेवटी येणारे चिंतन आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. दोन-अडीच तास हसविल्यानंतर लेखक अचानक गंभीर होतो, आणि आपण ज्यांना हसलो ती माणसे आता विखुरली जाणार, या जाणिवेने सभागृह शांत होते. १९६१ साली ती एक कल्पना होती. गिरगाव-दादरच्या चाळी रिकाम्या होऊन ती बिऱ्हाडे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीकडे सरकली, त्याचे साक्षीदार आपण सारे आहोत. अनेकांच्या घरांत अजूनही चाळीतले पितळी डबे माळ्यावर असतील.

जगाकडे पाहण्याची नजर

१९५८ साली पुलं युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर बीबीसीत दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेले. सुनीताबाई बरोबर होत्या. त्या मुक्कामात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीही पाहून झाले. परत आल्यावर, दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू होत होती, तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांपैकी ते एक होते. या प्रवासाचे पुस्तक 'अपूर्वाई' १९६० साली आले. १९६३ साली आग्नेय आशिया आणि जपानच्या प्रवासावरचे 'पूर्वरंग' आले. १९७४ साली 'जावे त्यांच्या देशा' आणि 'वंगचित्रे' ही पुस्तके आली.

१९६० साली परदेशी जाणे ही किती दुर्मीळ गोष्ट होती, हे आजच्या तरुणांना सांगूनही पटणार नाही. परकीय चलन मोजून मिळत असे. एखाद्या घरातला मुलगा विलायतेला निघाला की, अर्धी आळी बंदरावर किंवा विमानतळावर हार घेऊन जात असे. अशा काळात परदेशावर लिहिणाऱ्यापुढे दोन सापळे असतात. पहिला, तिकडचे सारे थोर आणि आपले सारे गबाळे, असे म्हणत सुटण्याचा. दुसरा, तिकडे सगळा भोगवाद आणि आपल्याकडे सगळी पवित्रता, असे म्हणून न पाहताच परत येण्याचा. पुलं या दोन्ही सापळ्यांत सापडले नाहीत. त्यांना तिथली स्वच्छता आवडली, रंगभूमीची शिस्त आवडली, आपल्या लेखकांची घरे आणि वस्तू जपण्याची रीत आवडली. ते सांगताना त्यांनी आपल्या माणसांना टोचले, पण त्या टोचण्यात घरच्या माणसाचा हक्क होता, परक्याची तुच्छता नव्हती. आणि आपल्या फजितीवर हसण्याची तयारी असल्यामुळे वाचकाला कुठेही उपदेश ऐकल्यासारखे वाटले नाही.

'पूर्वरंग'ची गोष्ट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. त्या काळी प्रवास म्हणजे पश्चिमेकडे, हे गृहीत होते. पुलंनी वाचकाला पूर्वेकडे नेले. बाली बेटावर आजही हिंदू परंपरा जिवंत आहे. शेजारच्या जावा बेटावर मुसलमान कलावंत रात्ररात्र जागून चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामायण-महाभारत सादर करतात. भारतातून तिकडे गेलेल्या कथा तिथल्या मातीत रुजल्या आणि तिथल्याच झाल्या. हे पाहताना अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे; परंतु "हे सारे आमचेच" असे म्हणून पाठ फिरविली, तर त्या लोकांनी शेकडो वर्षे त्या कथांवर जी मेहनत घेतली, ती आपल्याला दिसतच नाही. पुलंची नजर कलावंताची असल्यामुळे त्यांना ती मेहनत दिसत होती. जपानी रंगभूमीकडेही त्यांनी याच आदराने पाहिले. पुण्यात ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून जपानी पद्धतीचे जे उद्यान आहे, त्याला पुलंचेच नाव दिलेले आहे, हा योग मला फार समर्पक वाटतो.

पन्नाशीतला विद्यार्थी

आता ऋग्वेदींच्या त्या बीजाकडे वळू. वयाची पन्नाशी आली. नाव झाले होते, पैसा होता, प्रयोगांना गर्दी लोटत होती, पद्मश्री मिळाली होती. या वयात माणूस साधारणपणे शाली आणि नारळ मोजू लागतो. पुलंनी १९७०च्या सुमारास शांतिनिकेतनची वाट धरली आणि ते बंगाली शिकले. रवींद्रनाथ अनुवादातून वाचणे त्यांना पुरेसे वाटेना. अक्षरे गिरविण्यापासून सुरुवात, मुलांमध्ये बसणे, चुकीचे उच्चार, दुरुस्त्या, सारे काही. त्या मुक्कामातून 'वंगचित्रे' आले, आणि पुढे रवींद्रनाथांवरची त्यांची व्याख्यानेही पुस्तकरूपाने आली.

आजोबांनी गीतांजली मराठीत आणली. नातू स्वतःच गीतांजलीच्या गावी जाऊन राहिला. जोगेश्वरीच्या घरातून शांतिनिकेतनला पोचायला त्या कुटुंबाला दोन पिढ्या लागल्या.

राष्ट्रीय एकात्मता हा शब्द आपण सभांतून पुष्कळ वापरतो. त्या शब्दाचा रोजच्या जगण्यातला अर्थ मला या प्रसंगात सापडतो. दुसऱ्या प्रांतावर प्रेम आहे, असे म्हणणे सोपे आहे. त्याची भाषा शिकण्यासाठी पन्नाशीत पाटी घेऊन बसणे कठीण आहे. आता आपण स्वतःकडे पाहू. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे आपल्या जिन्यात गुजराती कुटुंब असते, समोर तामीळ किंवा कन्नड कुटुंब असते. चाळीस-चाळीस वर्षे आपण त्यांच्याकडून ढोकळा आणि इडली घेतो, त्यांना पुरणपोळी देतो. त्यांच्या भाषेतला एक तरी कवी आपल्याला ठाऊक आहे का? आणि आपला तुकोबा त्यांच्यापर्यंत पोचविण्याचा आपण कधी प्रयत्न केला आहे का? अमराठी शेजाऱ्याने मराठी शिकावी, ही आपली अपेक्षा योग्यच आहे. ती करण्याचा अधिकार अधिक बळकट होईल, जर आपणही त्याची चार वाक्ये शिकलो तर.

घेतलेले परत करणे

कलावंताच्या यशाचा शेवट सहसा बंगल्यात होतो. देशपांडे दांपत्याने वेगळा मार्ग धरला. प्रयोगांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा समाजाचा आहे, या भावनेने त्यांनी साठच्या दशकातच प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून संस्थांना देणग्या दिल्या. आनंदवनातल्या बाबा आमट्यांच्या कार्याशी त्यांचे जिव्हाळ्याचे नाते होते. १९८६ साली पुण्यात अवचट दांपत्याने व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' सुरू केले, त्यामागे पुलं-सुनीताबाईंचे साहाय्य होते. या साऱ्या हिशोबामागे सुनीताबाईंची काटेकोर शिस्त होती. त्यांचे 'आहे मनोहर तरी' हे १९९० साली आलेले पुस्तक वाचले की, दातृत्वाच्या मागे घरातल्या एका व्यक्तीला किती झीज सोसावी लागते, ते कळते. पुलंच्या लखलखाटाकडे पाहताना त्या झिजेला विसरणे हा कृतघ्नपणा ठरेल.

आणखी एक ऋण त्यांनी फेडले. १९७५ साली आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले, हजारो माणसे तुरुंगात गेली. आपल्या वाचकांपैकी अनेक घरांतले कर्ते पुरुष त्या काळात मिसाखाली स्थानबद्ध होते. त्या घरांना हे वेगळे सांगायला नको. १९७७च्या निवडणुकीत हा हसविणारा लेखक जनता पक्षाच्या व्यासपीठावर उभा राहिला आणि स्वातंत्र्यासाठी मते मागत हिंडला. निकाल लागला, सत्ता पालटली, आणि पुलं आपल्या लेखनाच्या मेजाकडे परतले. कोणतेही पद त्यांनी मागितले नाही. पुढे १९९६ साली राज्य सरकारने सुरू केलेला महाराष्ट्रभूषण पुरस्कार पहिल्यांदा त्यांनाच मिळाला; तेव्हा सत्तेवर वेगळ्या विचारांचे सरकार होते. त्या वेळीही दंडेलीच्या भाषेविषयीची आपली नाराजी त्यांनी गिळून टाकली नाही. त्यावरून वादळ उठले. त्या वादात आपण कोणत्या बाजूला होतो, हे क्षणभर बाजूला ठेवू. १९७७मध्ये ज्यांना त्यांचे बोलणे गोड लागले, त्यांच्यापैकी काहींना १९९६मध्ये ते कडू लागले. बोलणारा माणूस मात्र दोन्ही वेळा तोच होता. लेखकाचे स्वातंत्र्य आपल्याला हवे असेल, तर ते आपल्या गैरसोयीच्या दिवशीही हवे असले पाहिजे.

१२ जून २००० रोजी पुलं गेले. १९४६ साली याच तारखेला त्यांचा विवाह झाला होता. मधल्या काळात पुण्यात बिऱ्हाड झाले, पण त्यांची ओळख पार्ल्याशी जोडलेली राहिली. टिळक मंदिरातल्या ज्या वातावरणात त्यांनी पेटी वाजविली, त्याच लोकमान्य सेवा संघात त्यांच्या नावाचे सभागृह आहे.

आपल्यापुढचे काम

हे सारे ऐकून आपण "असा माणूस पुन्हा होणे नाही" असे म्हणत घरी गेलो, तर माझे भाषण वाया गेले. उलट मला विचारायचे आहे की, असा माणूस पुन्हा व्हायचा असेल, तर त्याला लागणारी सामग्री आज आपल्या उपनगरात शिल्लक आहे का?

इमारतींचा विचार केला, तर आपण श्रीमंत आहोत. पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास अशी नाट्यगृहे आहेत. १९२३च्या पार्लेकराच्या स्वप्नातही हे आले नसते. पण त्याच्याजवळ जे होते, त्यात आपण गरीब झालो आहोत. मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत. जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकसन होते. दोन मजल्यांच्या जागी वीस मजले येतात आणि ओसरी, ओटा, जिन्यातली बैठक नाहीशी होते. मी पुनर्विकसनाच्या विरुद्ध नाही. गळक्या छताखाली राहणाऱ्याला संस्कृतीच्या गप्पा सांगणे हा अन्याय आहे. पण नव्या इमारतीच्या आराखड्यात वाहने ठेवायला तीन मजले मिळतात, तिथे पुस्तकांच्या दोन कपाटांसाठी आणि पेटी-तबल्यासाठी एक खोली मागायला आपल्याला संकोच का वाटावा? करार करताना आपण चौरस फुटांसाठी भांडतो. या एका खोलीसाठीही भांडावे.

आपल्या वाचनालयापुरते दोन प्रस्ताव मी कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. पहिला, रविवारी सकाळी दोन तास हे दालन फक्त मुलांसाठी उघडे ठेवावे आणि तिथे मोठ्याने वाचून दाखविणारे एक आजोबा किंवा आजी असावी. पुस्तक मराठी असावे. मूल कोणत्या माध्यमात शिकते, हे विचारू नये. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाचा कान मराठीसाठी बंद झालेला नसतो. त्याच्या कानावर मराठी पडेनाशी होते, एवढेच. दुसरा, आपल्या परिसरात जी ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. इथे शेते कुठे होती, पहिली शाळा कोणाच्या पडवीत भरत असे, पहिला सार्वजनिक गणपती कोणी बसविला, पाण्यासाठी मोर्चा कधी निघाला. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये हे यंत्र आहे. लागतो तो वेळ, आणि वेळ देण्याची वृत्ती. ही कामे करणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येणार नाही. पार्ल्याच्या त्या नोकरदारांपैकी कितीजणांची नावे आज आपल्याला सांगता येतील?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आता आपल्या मुला-नातवंडांची गावे आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या लंडनला, टोकियोला किंवा शांतिनिकेतनला जाईल, तेव्हा आपल्या गावाविषयी सांगण्यासारखे त्याच्याजवळ काहीतरी असावे, एवढीच इच्छा व्यक्त करतो. रविवारच्या वाचनासाठी नावे देऊ इच्छिणाऱ्यांनी सभा संपल्यावर बाहेरच्या मेजावरच्या वहीत ती लिहावीत. पहिले नाव मी लिहूनच आत आलो आहे.